दाबकवच, लहान पाणबुडीचे

दाबकवच, लहान पाणबुडीचे : पाण्याखाली नेहमीच्या वातावरणीय दाबाच्या हवेत माणसास बसता यावे म्हणून पाणबुडीत जी बंद व जलाभेद्य पोकळी असते, तिच्या बाहेरचा दाब सोसणाऱ्या भिंतीस दाबकवच म्हणतात. बाहेरून दिसणारा पाणबुडीचा निमुळता आकार बहुधा पातळ पत्र्याच्या आच्छादनाचा असतो. त्याच्या आत पाणी मोकळेपणी शिरत असल्याने त्यावर दाबाचा भार येत नाही. सर्व भार दाबकवचावर येतो आणि आत बसलेल्याचे प्राण त्यावरच अवलंबून असतात. एक-दोन माणसांसाठी हौशी व्यक्तींनी स्वतः बांधलेल्या पाणबुड्या अमेरिकेत व यूरोपात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बऱ्याच झाल्या आहेत. अमेरिकी नौदलातील निवृत्त पाणबुडी अधिकारी जॉर्ज किट्रिज यांनी आखलेली एका माणसाची के-२५० ही पोलादी पाणबुडी त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. २५० फूट, म्हणजे सु. ७६ मी., ही तिची खोलीची मर्यादा तिच्या नावातच दिलेली आहे. अशा लहान पाणबुडीचे कवच निवडताना कोणत्या गोष्टींवर सुरक्षितता अवलंबून असते, याचा विचार येथे केला आहे.

दाब : समुद्रात दर १० मी. खोलीस दाब सु. १ किग्रॅ./चौ. सेंमी. एवढा वाढतो. ५० मी. खोलीवर तो ५·१ किग्रॅ./चौ. सेंमी. असतो. हा आकडा लहान वाटतो, पण तो कवचाच्या प्रत्येक चौ. सेंमी. वर असतो. उदा., ६० सेंमी. व्यासाच्या झाकणद्वारावर अवघ्या २० मी. खोलीस सु. ५·८ टन भार पडतो. म्हणून पाण्याखाली असताना ते द्वार आतून उघडणे कोणाही माणसाच्या शक्तीबाहेरचे असते. दाब हा काही समुद्राचाच गुण नव्हे. वऱ्हाडातील विहिरीत किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणात तेवढ्याच खोलीवर जवळजवळ तेवढाच दाब असतो. गोड्या पाण्याची घनता कमी असल्याने फरक पडतो तो सु. अडीच टक्क्यांचा.

चेपण्याची क्रिया : आतून दाब असलेले पात्र व बाहेरून दाब असलेले पात्र यांचे वर्तन मूलतः भिन्न असते. आतील दाबाने भिंत ताणली जाते. तीत कोठे खड्डा असेल तर तो दाब त्यास बाहेर ढकलून आकार सुधारू पाहतो. बाहेरील दाबाने भिंत दाबली जाते आणि खड्डा असेल तर तो अधिक खोल होतो. खड्डा खोल झाला की त्याच दाबाचा परिणाम वाढतो, त्यामुळे खड्डा आणखी वाढतो आणि एका विशिष्ट दाबाला भिंत एकाएकी आत कोसळते. पोलाद तुटण्यापूर्वीच हे घडते. शाळेत पत्र्याच्या डब्यात थोडे पाणी उकळून, झाकण घट्ट लावून तो थंड पाण्याने निववितात. तेव्हा आतील वाफ द्रवते आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने डबा क्षणात चेपतो. तोच डबा आतून पाण्याने भरून तेवढाच दाब दिला असता बहुधा सहज टिकला असता. या प्रयोगात डब्यावर आलेला दाब १० मी. पाण्याच्या दाबापेक्षा जास्त नसतो, ही गोष्ट पाणबुडी बांधू इच्छिणाऱ्याने सतत लक्षात ठेवावी.

या क्रियेचा पद्धतशीर अभ्यास पाणबुडीसाठी झाला नाही, तो बाष्पित्रांसाठी झाला. ज्या बाष्पित्रांच्या पोटातून भट्टीच्या मोठ्या नळ्या जातात, त्यांत नळीच्या बाहेर वाफेचा दाब असतो व आत फक्त ज्वाला. लँकाशर बाष्पित्र या प्रकारचे होते. ते मुंबईच्या कापड गिरण्यांतून दीर्घकाळ वापरात होते. वऱ्हाडातील सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखानेही त्या काळात वाफेवरच चालत. अशा नळ्या आत चेपून अपघात होत, तेव्हा विल्यम फेअरबेर्न या ब्रिटिश अभियंत्याने नळ्यांवर प्रयोग केले व १८५८ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नळी जितकी लांब व रुंद, तितक्या कमी दाबाला ती चेपते, असे त्याला आढळले. नळीची लांबी हा तिच्या सामर्थ्याचा भाग आहे, ही कल्पना त्या वेळी नवी होती. उपाय म्हणून नळ्या लहान तुकड्यांत करून प्रत्येक जोडावर बाहेर वळविलेली कडी ठेवण्याची पद्धत रूढ झाली. पाणबुडीच्या कवचात आज ज्या वलयाकार फासळ्या बसवितात, त्यांचे मूळ या बाष्पित्रातच आहे.

एक उदाहरण : समजा, १·२ मी. व्यासाचे दंडगोलाकार कवच ६ मिमी. जाडीच्या साध्या बांधकामी पोलादाच्या पत्र्याचे आहे. ५० मी. खोलीवर या पत्र्यात परिघाच्या दिशेने येणारे प्रतिबल सु. ५१० किग्रॅ./चौ. सेंमी. असते, तर हे पोलाद कायमचे वाहू लागते ते सु. २,५०० किग्रॅ./चौ. सेंमी. प्रतिबलास. एवढा एकच हिशेब करणारा मनुष्य आपले कवच सु. २५० मी. पर्यंत टिकेल असे मानील. पण हे कवच पुष्कळ लांब आणि विनाफासळीचे असेल, तर चेपण्याच्या सूत्राप्रमाणे ते फक्त ५·६ मी. खोलीला कोसळते. दोन भक्कम टोकांमध्ये २·४ मी. लांबी असेल, तर हीच मर्यादा सु. ४८ मी. येते. दर अर्ध्या मीटरला पुरेशी मजबूत वलयाकार फासळी लावली, तर ती सु. २४० मी. पर्यंत जाते. पत्रा तोच, पोलाद तेच आणि व्यासही तोच. फरक केवळ आधाराच्या अंतराचा आहे. नवशिक्याने जाडीचा आकडा सांगितला की जाणकार मनुष्य प्रथम व्यास व फासळ्यांचे अंतर विचारतो, ते याच कारणाने.

हे सर्व आकडे मात्र पूर्ण गोल व निर्दोष कवचाचे आहेत. प्रत्यक्षात पत्रा वळविताना, जोडताना व फासळ्या जोडल्यावर उष्णतेने ओढला गेल्यामुळे कवच थोडेफार लंबगोल होते. वर्गीकरण संस्थांच्या नियमांत गोलाईतील चूक सामान्यतः त्रिज्येच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास मर्यादित ठेवतात. वरील उदाहरणात ती ३ मिमी. होते. आधार नसलेल्या पत्र्याच्या पट्टीत ३ मिमी. एवढा खोलगटपणा असला, तर त्या ठिकाणी वाकण्यामुळे येणारे प्रतिबल मूळ प्रतिबलाच्या सु. तिप्पट होते. शिवाय चेपण्याचा दाब व पोलाद वाहू लागण्याचा दाब हे दोन्ही एकमेकांजवळ आले (येथे २४० व २५० मी.), की दोन्ही क्रिया परस्परांस साहाय्य करतात व प्रत्यक्ष कोसळणे दोहोंपेक्षा पुष्कळ आधी होते. म्हणून असे कवच १२० मी. ला जाईल असे धरावे आणि हौशी बांधणीत त्याच्या एक-तृतीयांश, म्हणजे ४० मी., एवढीच कार्यकारी खोली मानावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारखान्यातील तपासणीखाली बांधलेल्या कवचांना यापेक्षा कमी अंतर चालते. घरच्या अंगणात बांधलेल्या कवचास ते चालू नये.

आकार : बाहेरच्या दाबास सर्वांत योग्य आकार गोलाचा होय. सारख्या व्यासाच्या व जाडीच्या दंडगोलापेक्षा त्याच्या भिंतीत निम्मे प्रतिबल येते व त्यास फासळ्या लागत नाहीत. अतिखोल जाणाऱ्या यानांत म्हणूनच गोल वापरतात. १९६० च्या २३ जानेवारीस प्रशांत महासागरात सु. १०,९०० मी. खोलीवर उतरलेल्या त्रिएस्ते या यानातील माणसांची कोठी १२·७ सेंमी. जाड पोलादाचा गोल होती. परंतु गोलात माणूस अवघडून बसतो. शिवाय जाड पत्रा दोन्ही दिशांना अचूक वळविणे लहान कार्यशाळेत शक्य नसते. त्यामुळे ५० मी. च्या आतील हौशी पाणबुडीसाठी फासळ्यांचा दंडगोल व दोन्ही टोकांस अर्धगोल किंवा खोलगट बशीसारखी टोके हाच व्यवहार्य आकार ठरतो. सपाट टोक कधीही वापरू नये. वरील उदाहरणातील ६ मिमी. पत्र्याचे सपाट टोक सु. ३ मी. खोलीवरच कडेला वाहू लागते. चौकोनी पेटीसारखे कवच, मग ते कितीही सोयीचे दिसो, याच कारणाने त्याज्य आहे.

भंगारातील पात्रे : हौशी बांधणाऱ्यास सर्वांत मोठा मोह असतो तो आयत्या पात्राचा. द्रवरूप इंधनवायूची जुनी टाकी गोल, जाड व बशीच्या टोकांची असते आणि तिच्यावर दाबाचा आकडाही कोरलेला असतो. परंतु तो आकडा आतील दाबाचा असतो. बाहेरील दाबास ती किती टिकेल हे त्यावरून मुळीच कळत नाही. तिचा व्यास लहान व पत्रा जाड असल्याने पुष्कळदा ती उपयोगी पडते, हे खरे. पण ती स्वतंत्रपणे मोजून, गोलाई पाहून, सर्वत्र जाडी तपासून व फासळ्यांचा हिशेब करूनच. पाण्याच्या टँकरचे कवच तर या कामी पूर्णपणे अयोग्य होय. समुद्रापासून दूर असलेल्या अंजनगाव सुर्जी किंवा अकोट यांसारख्या गावांतही ट्रॅक्टरला जोडायचे टँकर उत्तम बनविणारे कारागीर असतात आणि त्यांचे वितळजोडकाम नीटनेटके असते. पण टँकर हे आतून भरायचे पात्र आहे व त्याचा पातळ पत्रा आतील पाण्याच्या भाराने आकारात राहतो. रिकामा टँकर घट्ट बंद करून पाण्याखाली नेला, तर तो शाळेतील डब्यासारखाच चेपेल. हौशी मनुष्याने अशा कारागिराच्या हाताचा उपयोग करून घ्यावा, त्याच्या टाकीचा नव्हे.

पदार्थ : सौम्य पोलाद हा हौशी बांधणीस सर्वांत योग्य पदार्थ होय. ते स्वस्त असते, त्याचे वितळजोडकाम सुलभ असते, त्याचे गुणधर्म ज्ञात असतात आणि मर्यादा ओलांडली जात असता ते बहुधा आधी वाकते. भारतीय मानक २०६२ प्रमाणे मिळणारे बांधकामी पोलाद चालते, परंतु शक्य असल्यास मानक २००२ प्रमाणे बाष्पित्रासाठी बनविलेला पत्रा घ्यावा. दाबपात्रांच्या अभिकल्पासाठी असलेल्या मानक २८२५ मध्ये बाहेरील दाबाचाही विचार केलेला आहे व हौशी मनुष्यास तेथून प्रारंभ करता येतो. चेपण्याच्या क्रियेत पोलादाच्या बळापेक्षा त्याच्या ताठपणाचा संबंध अधिक असतो, आणि सर्व पोलादांचा ताठपणा जवळजवळ सारखाच असतो. म्हणून पातळ व लांब कवचासाठी महाग उच्चबल पोलाद घेऊन काही साधत नाही. ॲल्युमिनियमाचा ताठपणा पोलादाच्या एक-तृतीयांश असतो. शिवाय वितळजोडाजवळ ते मऊ पडते. टिटॅनियम उत्तम असले तरी त्याचे जोडकाम निष्क्रिय वायूच्या आच्छादनाखाली फार काळजीने करावे लागते. सिमेंट-काँक्रीटचे कवच दाब चांगला सोसते, पण भोकांजवळ व असम भाराखाली त्यात ताण आला की ते तडकते. तंतुप्रबलित प्लॅस्टिक बाह्य आच्छादनास ठीक असते, दाबकवचास नाही.

या शेवटच्या विधानाचे गंभीर उदाहरण म्हणजे टायटन हे यान. त्याचा मधला दंडगोल कार्बन-तंतूंचा व १२·७ सेंमी. जाड होता. त्रिएस्तेच्या पोलादी गोलाचीही जाडी एवढीच होती. पण तंतूंचे थर ताणास जितके चांगले, तितके दाबास नसतात. त्यांच्यातील पोकळ्या व सुरकुत्या बाहेरून दिसत नाहीत आणि थर एकदा सुटू लागले की प्रत्येक बुडीत कवच दुर्बल होत जाते. जुलै २०२२ मधील एका बुडीनंतर वर येताना मोठा आवाज ऐकू आला होता. त्यानंतरच्या मोजमापांत कवचाचे वर्तन बदललेलेही दिसत होते. तरीही त्याच कवचाने पुढील बुड्या घेण्यात आल्या. १८ जून २०२३ रोजी टायटॅनिक जहाजाच्या अवशेषांकडे जात असता ते कोसळले व आतील पाचही व्यक्ती मृत्यू पावल्या. या यानास कोणत्याही वर्गीकरण संस्थेची मान्यता नव्हती.

वजनाचा प्रश्न : पत्रा जाड घेतल्यास पाणबुडी जड होईल ही भीती लहान पाणबुडीच्या बाबतीत निराधार आहे. वरील उदाहरणात २·४ मी. लांबीचा दंडगोल व दोन अर्धगोल टोके मिळून आकारमान ३·६२ घ. मी. होते. समुद्रात ही पाणबुडी बुडण्यासाठी तिचे एकूण वजन सु. ३,७१० किग्रॅ. असावे लागते. ६ मिमी. पत्र्याचे कवच मात्र सु. ६४० किग्रॅ. भरते. माणसे, विद्युत् घटमाला व यंत्रे धरूनही उरलेले वजन शिशाच्या किंवा लोखंडाच्या नीरमाने (मुद्दाम घेतलेल्या भाराने) भरून काढावे लागते. मग पत्रा १० मिमी. घेतला तर कवच सु. १,०६५ किग्रॅ. होते व तेवढे शिसे कमी लागते. पत्र्यात काटकसर करून शिसे विकत घेणे हा तोट्याचा व्यवहार आहे. गोड्या पाण्यात हीच पाणबुडी ३,६२० किग्रॅ. वजनाला तरंगबुड अवस्थेत येते. म्हणून धरणात तोलून पाहिलेली पाणबुडी समुद्रात सु. ९० किग्रॅ. ने हलकी ठरते व उलट दिशेने तेवढीच जड. दुसरी चूक अर्थातच अधिक धोक्याची होय.

पत्र्यातील काटकसरीचा इतिहास जुना आहे. जर्मनीत व्हिल्हेल्म बाउअर याने १८५० मध्ये बांधलेल्या ब्रांटटाउखर या लोखंडी पाणबुडीच्या मूळ आराखड्यात पैशाअभावी कपात करण्यात आली व पत्रा पातळ घेण्यात आला. १ फेब्रुवारी १८५१ रोजी कील बंदरात ती अपेक्षेपेक्षा खोल गेली, बाजूचे पत्रे आत दबले आणि ती तळाला बसली. बाउअर व त्याचे दोन सोबती यांनी धीर धरून आत पाणी येऊ दिले. आतील हवा दबून बाहेरच्या दाबाइतकी झाली तेव्हाच झाकण उघडले व तिघेही जिवंत वर आले. पाणबुडीतून स्वतः सुटून आल्याची ही सर्वांत जुनी नोंदलेली घटना समजली जाते. कवचात आतून उघडता येणारी पाणी घेण्याची झडप असावी, हा धडा हौशी बांधणाऱ्यांनी तेथूनच घेतला आहे.

भोके व खिडक्या : झाकणद्वार, खिडक्या, आस व तारा यांसाठी पाडलेले प्रत्येक भोक कवचास दुर्बल करते. कापून काढलेल्या पत्र्याइतका तरी छेद भोकाभोवती जाड कड्याच्या रूपाने परत घालावा लागतो व ते कडे पत्र्याच्या पूर्ण जाडीत वितळजोडाने एकजीव करावे लागते. खिडक्या ॲक्रिलिक प्लॅस्टिकच्या, शंकुच्छेदाच्या आकाराच्या व रुंद बाजू बाहेर ठेवून बसवितात, म्हणजे दाबाने त्या बैठकीत अधिकच घट्ट बसतात. काच वापरू नये. ॲक्रिलिकवर बारीक भेगा दिसू लागल्या की ती टाकून द्यावी. मानवी वापराच्या दाबपात्रांच्या अमेरिकी मानकात अशा खिडकीचे नेहमीचे आयुष्य दहा वर्षे धरलेले आहे. तिच्यावर रंग, विलायक किंवा चिकटद्रव्याचा थेंबही पडू देऊ नये, कारण त्याने भेगा लवकर पडतात.

चाचणी : कार्यशाळेतील सर्वसाधारण पद्धत म्हणजे पात्र पाण्याने भरून पंपाने आतून दाब देणे. याने जोडातील गळती कळते, परंतु बाहेरच्या दाबाने चेपण्याविषयी यातून काहीही कळत नाही. ही चाचणी उत्तीर्ण झालेले कवच सुरक्षित मानणे ही हौशी बांधणीतील सर्वांत सामान्य व घातक चूक आहे. खरी चाचणी बाहेरच्या दाबाचीच असली पाहिजे. ती माणूस आत न बसविता, कवच यारीच्या दोराने कार्यकारी खोलीच्या दीडपट तरी खोलीवर उतरवून व तेथे काही काळ ठेवून घेतात. त्यासाठी कवच आतून पाण्याने भरून, वरच्या टोकास उभी बारीक नळी बसवून दाबकोठीत ठेवण्याची पद्धत अधिक चांगली आहे. दाब वाढत जातो तसे कवच किंचित आकसते व नळीतून थोडे पाणी बाहेर पडते. हे पाणी दाबाच्या प्रमाणात वाढत असेल तोवर कवच स्थितिस्थापक आहे. प्रमाण बिघडू लागले की चाचणी ताबडतोब थांबवावी. आत पाणी असल्याने कवच कोसळले तरी स्फोटासारखा धक्का बसत नाही. चाचणीपूर्वी व नंतर व्यास आठ-दहा ठिकाणी मोजून आकडे नोंदवून ठेवावेत. मिलिमीटरचा कायमचा फरकही कवच नाकारण्यास पुरेसा आहे.

माणसासह बुडी घेताना तळाची खोली कवचाच्या चाचणी-खोलीपेक्षा कमी असेल अशाच ठिकाणी उतरावे. यंत्र बंद पडून पाणबुडी तळाला गेली तरी कवच टिकते. पुढचा प्रश्न हवेचा व सुटकेचा राहतो आणि त्यास वेळ मिळतो. समुद्राच्या उघड्या उतारावर हा नियम मोडला जातो. वऱ्हाडासारख्या प्रदेशात पहिल्या चाचण्यांस अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शहानूर धरणासारखे जलाशय सोयीचे वाटतात. तेथे तळ ठाऊक असतो आणि लाटा नसतात. पण बुडालेली झाडे, मच्छीमारांची जाळी व विसर्गद्वारांजवळील ओढ हे धोके असतात. जलसंपदा विभागाच्या परवानगीवाचून तेथे उतरता येत नाही व पिण्याच्या पाण्याच्या साठ्यात ती मिळणे सयुक्तिकही नाही.

भारतातील कार्य : मोठ्या पाणबुडीचे कवच भारतात प्रथम मुंबईच्या माझगाव गोदीत बांधले गेले. जर्मन आराखड्याची शाल्की ही पाणबुडी तेथे तयार होऊन ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात दाखल झाली. या वर्गाच्या पाणबुड्यांत सर्व खलाशांस घेऊन वर येऊ शकणारा एक स्वतंत्र दाबसह गोल आहे. येथेही शेवटचा भरवसा गोलावरच ठेवलेला दिसतो. फ्रेंच आराखड्याची कलवरी याच गोदीत बांधली गेली व १४ डिसेंबर २०१७ रोजी दाखल झाली. लहान यानांत चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेचे मत्स्य-६००० हे तीन माणसांचे यान उल्लेखनीय आहे. त्याचा टिटॅनियम मिश्रधातूचा गोल २·१ मी. व्यासाचा व ८० मिमी. जाड आहे. ६,००० मी. खोलीवर त्याच्या भिंतीत सु. ४,००० किग्रॅ./चौ. सेंमी. प्रतिबल येते. हा गोल करण्यापूर्वी त्याच व्यासाचा साध्या पोलादाचा गोल बनवून ऑक्टोबर २०२१ मध्ये माणसाविना ६०० मी. पर्यंत उतरविण्यात आला. एवढ्या साधनसंपन्न संस्थेने जी पायरी वगळली नाही, ती हौशी मनुष्यास वगळता येणार नाही.

कवचाविना पाणबुडी : कवचाचा हा सर्व खटाटोप टाळणारा एक पर्याय म्हणजे आत पाणी असलेली किंवा आतील हवा बाहेरच्या पाण्याइतक्या दाबाची ठेवणारी पाणबुडी. तिच्या भिंतीवर दाबाचा फरक येत नसल्याने पातळ प्लॅस्टिकही चालते. परंतु मग दाब माणसाच्या शरीरावर येतो. १० मी. खोलीवर फुप्फुसातील हवा वातावरणाच्या दुप्पट दाबाची असते. श्वास रोखून वर आल्यास ती फुगून फुप्फुसास इजा करते. अधिक खोल व अधिक वेळ राहिल्यास रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणून अशी पाणबुडी फक्त प्रशिक्षित पाणबुड्यानेच वापरावी. पत्र्याच्या जाडीचा हिशेब टाळण्यासाठी ती निवडणे योग्य नाही.